आमची वाटचाल: ब्लोअर, करार आणि २०१९ चा पाऊस

कुपवाड एमआयडीसीत आमचं युनिट. द्राक्षबागेत औषध फवारायचे, ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर बनवतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०१९ चं.

त्या वर्षी आम्ही सर्व्हिसचा वार्षिक करार काढला. बागायतदारानं एकरकमी पैसे भरायचे. मग पीकछाटणीपासून काढणीपर्यंत डायफ्राम (पंपातला रबरी पडदा), नोझल, ऑइल सील, मजुरी सगळं आमच्याकडं. कल्पना एका सल्लागारांची. उदाहरण विमानाचं: ब्रिस्टल सिडली कंपनीनं १९६२ मध्ये इंजिनाच्या देखभालीचे पैसे उड्डाणाच्या तासावर घ्यायला सुरुवात केली. विमानाचे तास मोजले जातात, बागेतल्या ब्लोअरचे कोण मोजतं, हे मी तिथंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, चहा आला.

पहिली हरकत आण्णांची. आण्णा म्हणजे तासगावचे आमचे पहिले डीलर. आमचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा त्यांनी आपल्या दुकानापुढं आमचं मशीन उभं केलं. म्हणाले, "मालक, आजवर डायफ्राम फाटला की माझे दोन पैसे सुटायचे. आता फाटला की तुमचे जाणार. मग मी कशावर जगायचं?" खरी मेख तिथंच होती. पार्ट विकून जी कमाई व्हायची, तोच पार्ट करारात खर्च होतो आणि डीलर मध्ये अडकतो. प्रत्येक भेटीमागं ठरावीक पैसे, यावर ते तयार झाले. पंप पुरवणारी कंपनी मात्र बारा महिन्यांच्या वॉरंटीपुढं सरकेना. तीही माल त्यांच्या गोदामातून निघाल्या दिवसापासून.

ऑगस्टच्या महापुरातून सांगली जेमतेम सावरत होती, तोच ऑक्टोबरअखेरीस पाऊस लागला. फुलोऱ्यातल्या बागांत डावणी, म्हणजे ओलीत फोफावणारा बुरशीचा रोग, शिरली. उघडीप मिळाली की रात्री-बेरात्री फवारणी. हंगामभराचे तास काही आठवड्यांत संपले, आमचा दर तोच. पंप उघडावा तर औषधाच्या गाळानं व्हॉल्व्ह घासलेले. बँकेच्या कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा संपली, पगार लांबले. नेमक्या त्याच वेळी आमच्याच लायनीतल्या एकानं 'लाइफटाइम सर्व्हिस मोफत' असे फलक लावले. पार्टच्या पैशांबद्दल फलकावर अवाक्षर नव्हतं. जुनी जुनी गिऱ्हाइकं तिकडं वळली. कोण कोण, ते लक्षात आहे.

आण्णांनी भेटीचे पैसे मागितले नाहीत. "मार्चनंतर बघू," म्हणाले. मार्चमध्ये लॉकडाऊन आला, तरी त्यांनी विषय काढला नाही.

पुढच्या करारापासून प्रत्येक ब्लोअरला तासमीटर बसवला. ठरलेल्या तासांपर्यंत एकरकमी, वर गेलं की तासावर दर. बागायतदार कुरकुरतात, की पाऊस जास्त झाला त्यात आमचा काय दोष? बरोबर आहे, आमचाही नाही.

जाता जाता, नोझल डोळ्यांनी बघून ठरवू नका. मोजपात्र धरा, मिनिटभर पाणी काढा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पडलं की बदला. पितळी वापरत असाल तर सिरॅमिक घ्या, जास्त टिकतं. आणि पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वर पळवू नका. काम लवकर उरकल्यासारखं वाटतं, पण बेअरिंग जातं.

पंपवाल्यांशी बोलणं यंदाही चालू आहे. त्यांना आमच्या मीटरचे आकडे हवेत, वॉरंटी वाढवायची नाही. आकडे फुकट द्यायचे नाहीत, असं आण्णांनी बजावलंय.