बहिणीचा पत्ता काय सांगायचा?

गेले काही महिने एक गोष्ट लिहितेय, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरची. गुलामीतून सुटलेले भाऊ-बहीण, लहानपणीच वेगवेगळ्या मालकांना विकलेले, भाऊ मिसिसिपीत राहिला आणि बहिणीला टेक्सासला नेलं एवढंच त्याला माहितीये. मला वाटलेलं, डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती आली, गुलामगिरी संपली, आता हा निघेल तिला शोधायला. पण त्याला निघताच येईना!

कारण त्याच वर्षी मिसिसिपीने सुटलेल्या लोकांसाठी वेगळे कायदे केले. दर जानेवारीत कामाचा किंवा घराचा लेखी पुरावा हवा, कामधंदा नसेल तर तुम्ही भटके, दंड भरा, आणि पैसे नसतील तर जो कोणी तुमचा दंड भरेल त्याच्याकडे राबा. म्हणजे बहिणीला शोधायला काम सोडून पायी निघालेला भाऊ कायद्याने गुन्हेगार. हे वाचल्यावर दोन दिवस मला पुढे काही लिहिताच आलं नाही.

मग त्या जाहिराती सापडल्या. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' पेपरात १८७९ पासून हरवलेल्या नातलगांसाठी एक सदर यायचं, वर्गणीदार नसाल तर ५० सेंट, आणि पाद्र्यांना विनंती असायची की हे चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, कारण कितीतरी जणांना वाचताच येत नव्हतं, गुलामांना अक्षर शिकवायला दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत बंदीच होती ना. आणि १८७९ म्हणजे बघा, युद्ध संपून चौदा वर्षं झालेली, तरी लोक शोधतायत.

त्यात आईचं नाव असायचं, भावंडांची नावं, आणि कुणी कुणाला विकलं ते. सुटल्यावर कित्येकांनी नवी आडनावं घेतली, त्यामुळे सख्ख्या भावंडांचीही आडनावं वेगळी, मग ओळख पटवायला जुन्या मालकाचं नाव सांगावंच लागायचं. मी इथेच अडकले होते. ज्याने तिला आईपासून तोडून विकलं त्याचं नाव माझ्या भावाच्या तोंडून यायला नको होतं, पण ते नाही आलं तर टेक्सासमधल्या कुठल्याशा चर्चमध्ये बसलेल्या तिला कळणार कसं की हे आपल्यालाच शोधतायत?

काल रात्री तो प्रसंग लिहिला. पाद्री लिहून घेतोय, भाऊ सांगतोय. आधी आईचं नाव, मग त्याने स्वतः निवडलेलं आडनाव, ते दोनदा सांगतो, नीट लिहा म्हणून. मालकाचं नाव सगळ्यात शेवटी.