बाळंतिणीची चिनी सूपं: तिळाच्या तेलातली कोंबडी जमली, व्हिनेगरची बरणी मुरते आहे

तैवानच्या मायोऊजीचं, म्हणजे तिळाच्या तेलातल्या कोंबडीच्या सूपाचं, प्रमाण आता ठरलं आहे. गावठी कोंबडी हाडांसकट १ किलो, जून आलं १०० ग्रॅम, भाजलेल्या काळ्या तिळाचं तेल ६० मिली, तांदळाचं मद्य ६०० मिली, पाणी ६०० मिली. मीठ घालायचं नाही. तिथल्या रूढ क्रमात बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात डुकराची कलेजी, दुसऱ्यात गुर्दे आणि तिसऱ्यापासून ही कोंबडी देतात. अंगात ऊब राहावी हा हेतू आपल्या सुंठीच्या लाडवांसारखाच, फक्त इथे आलं ओलं असतं.

सूप बिघडतं ते आल्याच्या पायरीवर. आल्याची साल ठेवायची, काप २-३ मिमी जाडीचे करायचे, आणि तेल व आलं दोन्ही गार कढईतच घालून मंद आचेवर ठेवायचं. कडा मुडपून तांबूस व्हायला १०-१२ मिनिटं लागतात. आल्यात पाणी असेपर्यंत तेल फार तापत नाही. ते आटलं की तापमान झपकन चढतं, म्हणून शेवटची दोन मिनिटं आच आणखी कमी करायची. धूर दिसला तर तेल टाकून द्या. भाजक्या तेलाला एकदा जळका कडूपणा आला की कितीही उकळलं तरी जात नाही.

आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं. ते आच सोसतं, पण त्याला तो वास नाही. त्यामुळे ४० मिली घाण्याच्या तेलात आलं परतायचं आणि २० मिली भाजकं तेल गॅस बंद करताना वरून सोडायचं. नवख्यांनी हीच वाट धरावी, यात कडू होण्याची भीती जवळजवळ उरत नाही.

आल्यावर कोंबडी मध्यम आचेवर कातडी आक्रसेपर्यंत परता. मग गॅस बंद करूनच मद्य ओता. तैवानचं स्वयंपाकाचं मद्य १९.५ टक्क्यांचं असतं आणि तापल्या कढईत त्याची वाफ पेट घेते. बाटलीवरचे घटकही वाचा: ‘कुकिंग वाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मीठ असतं आणि ६०० मिली घातल्यावर सूप खारट होतं. नंतर पाणी घालून, झाकण अर्धवट ठेवून तासभर मंद उकळायचं.

तासाभरात मद्यार्क उडून जातो, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के उरतो. आपल्या भांड्यात सुरुवातीला ११७ मिली मद्यार्क असतो, तासाने सुमारे २९ मिली राहतो. सूप आटून लिटरभर झालं तर २५० मिलीच्या वाडग्यात ७ मिली आला. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी म्हणून मद्याशिवायच करा: सगळं पाणी, शिवाय आठ-दहा वाळलेली चिनी लाल बोरं आणि मूठभर गोजी बेरी (बारीक, वाळवलेली लाल फळं). चव वेगळी लागते, पण आल्या-तिळाचा गाभा तोच राहतो.

मासा आणि टोफूचं पांढरं सूप सोपं आहे. तिकडे क्रूशियन कार्प हा गोड्या पाण्यातला मासा वापरतात, आपल्याकडे रोहू-कटल्याची डोकी चालतात. दोन्ही बाजूंनी खरपूस तळून वर उकळतं पाणी ओता आणि मोठ्या आचेवर १५ मिनिटं खळखळू द्या. चरबीचे बारीक थेंब माशातल्या जिलेटीनमुळे पाण्यात धरून राहतात आणि रंग दुधासारखा येतो. गार पाणी घातलं किंवा आच मंद ठेवली तर सूप करडं, पातळ राहतं. टोफू शेवटच्या पाच मिनिटांत घाला.

आता दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताच्या बरणीकडे, म्हणजे आलं, डुकराचे पाय आणि अंडी घातलेल्या गोड व्हिनेगरकडे. १ किलो जून आलं सोलून, ठेचून, कोरड्या कढईत वरचा ओलावा जाईपर्यंत परतलं आणि ३ लिटर गोड काळ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास उकळलं. भांडं मातीचंच हवं, ॲल्युमिनियम आणि लोखंडाला आम्ल खातं. साधं काळं व्हिनेगर असेल तर चव घेत गूळ घाला. बाळंतपणाच्या काही आठवडे आधीच हे मुरायला ठेवतात आणि अधूनमधून उकळी देतात. डुकराचे पाय खायच्या आदल्या दिवशी घालायचे (गोव्याच्या बाजारात ते सहज मिळतात): गार पाण्यापासून उकळून, केस उपटून, धुऊन, मग व्हिनेगरमध्ये तासभर, काडी आरपार जाईपर्यंत. उकडून सोललेली अंडी मात्र गॅस बंद केल्यावरच सोडायची आणि रात्रभर मुरू द्यायची. व्हिनेगरमध्ये उकळत ठेवली तर पांढरं रबरासारखं होतं.