तुम्ही विचारलंत म्हणून: कोपानचे हत्ती

होंडुरासात, कोपान या माया लोकांच्या प्राचीन शहरातल्या कोरीव शिळेवर हत्ती आहेत ना? माझा विषय कळला की हे विचारलं जातंच, गणपतीत तर हमखास. नाहीत. ते मकाव पोपट आहेत.

तुम्ही पाठवता ते चित्र ‘बी’ शिळेच्या वरच्या कोपऱ्यांचं. लांब, वाकडी चोच सोंडेसारखी दिसते, कबूल. लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९२४ साली या हत्तींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्यांच्या मते संस्कृती मुळात इजिप्तची, तीच भारतामार्गे अमेरिकेत पोचली. आपण वाटेतलं स्टेशन. याचा अभिमान कसला बाळगायचा?

हत्ती म्हटलं की शिळेचा अर्थच जातो. ७३१ साली मायांच्या कालगणनेतलं सुमारे वीस वर्षांचं आवर्तन पुरं झालं, त्याची ही शिळा. तेरावा राजा वाशाक्लाहून उबाह काविल पर्वताच्या जबड्यात उभा आहे आणि तो पर्वत मकावांचा. तिथल्या चेंडूच्या पटांगणातही मकावचीच मुंडकी आहेत. कोपानच्या बऱ्याच शिळांखाली फुलीच्या आकाराची पोकळी करून त्यात अर्पणं ठेवलेली सापडली. पुढे ७३८ मध्ये या राजाचं डोकं उडवलं ते त्यानेच गादीवर बसवलेल्या किरिग्वा या दुसऱ्या माया शहराच्या राजानं. एवढं सांगितलं तरी पुढचा प्रश्न येतो, “पण माहूत दिसतो ना?”

एका मंडळात यावर बोललो तेव्हा मामा पहिल्या रांगेत होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं. मंडळाच्या स्मरणिकेत तो हत्ती त्यांनीच काढला होता, हे मला ठाऊक होतं. तरी स्लाइड लावली: ही चोचीच्या मुळाशी नाकपुडी, ही डोळ्याभोवतीची नक्षी. मागून कोणीतरी ओरडलं, “मास्तर, हत्ती उडाला!” सगळे हसले. मीही.

मामा उठले. “मघाशी तू म्हणालास, शिळा उभारणं ही प्राणप्रतिष्ठाच. तुझी प्राणप्रतिष्ठा तिकडे चालते, मग माझा हत्ती का नाही चालत?”

मी पुढची स्लाइड लावली. त्या वर्षी मामा आईकडे भाऊबीजेला आले नाहीत.

तेव्हा मनाशी म्हटलं होतं, हत्ती ही चूक आहे, प्राणप्रतिष्ठा ही उपमा. आज तेवढ्यानं भागत नाही. आपण मंत्रांनी मूर्तीत देव आणतो. तिथे दगडात उभा आहे तो खुद्द राजा, तारखेसकट. म्हणजे उपमेनंही थोडं झाकलंच. पण तीही काढली तर तुमच्यासमोर उरतात खड्डा, दगड आणि उच्चारता न येणारं नाव. मग तुम्ही ऐकाल कशाला?

मकाव मी सोडणार नाही. प्राणप्रतिष्ठा म्हणायचं की नाही, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरवतो. आणि मामांना हे पटणार नाही.