बल्कांवात बसून ऐकण्यासाठी हेडफोनचा अँप्लिफायर (अँप) निवडताना

गायिका केसरबाई केरकर आमच्या गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरून त्यांची भैरवी अंतराळात गेली. तीच भैरवी मी रात्री जेवणं आटोपल्यावर बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून ऐकतो. फोनला डोंगल, म्हणजे हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर, लावून आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेला, तरी जीव भरत नसे.

दोष डोंगलचा नव्हता. माझा हेडफोन सेनहायझर एचडी 600, त्याचा विद्युतरोध तब्बल 300 ओहम. अशा हेडफोनला व्होल्टेज लागतं. माझा डोंगल जेमतेम 1 व्होल्ट देतो. तेवढ्यावर 32 ओहमच्या हेडफोनला 31 मिलीवॅट मिळतात, माझ्या हेडफोनला फक्त 3. हे उमगल्यावर 'पॉवर किती' हा प्रश्न मी सोडून दिला. 300 ओहमवर व्होल्ट किती, एवढंच विचारू लागलो. व्होल्टेज दुप्पट झालं की 6 डेसिबल वाढतात.

दुकानदाराने सांगितलं, टेबलावर ठेवायच्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या डेस्कटॉप अँपशिवाय पर्याय नाही. मावसभावाने त्याचा डेस्कटॉप अँप आठ दिवसांसाठी दिला. पहिल्याच रात्री घूंऽऽ असा आवाज, 50 हर्ट्झचा, थेट तंबोऱ्याच्या खर्जाखाली. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. लॅपटॉप आणि अँप या दोन्हींच्या अर्थिंगचा फेरा यूएसबीच्या वायरीतून पूर्ण होत होता. लॅपटॉपऐवजी बॅटरीवरचा फोन जोडला आणि शांतता झाली. त्यानंतर मात्र आवाज फार सुरेख आला, हे मान्यच करायला हवं.

तरीही मित्राकडून 4 व्होल्ट देणारा, बॅटरीवर चालणारा पोर्टेबल अँप मागून आणला. दोन्हींची तुलना करायची तर आवाजाची पातळी सारखी हवी, कारण जरा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. 60 हर्ट्झचा सूर लावला आणि दोन्हींच्या आउटपुटवर मल्टिमीटरने व्होल्टेज जुळवलं. साधा मल्टिमीटर इतक्या खालच्या सुरावर बरोबर मोजतो, वरच्या सुरावर त्याचा भरवसा नाही. मग मी डोळे मिटून बसलो आणि मावसभाऊ मागे उभा राहून पिन बदलत राहिला. "दादा, आता कुठला?" असं त्याने दहा वेळा विचारलं. सहा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढी आलीच असती.

तिथेच माझा निर्णय झाला. जूनमध्ये वीज गेली की डेस्कटॉप मुका होतो, आणि त्याला बल्कांवात न्यायचं तर एक्स्टेंशन बोर्डही ओढत न्यावा लागतो, तोही पावसाच्या शिंतोड्यांत. पोर्टेबल घेतला. बसमध्ये मात्र तो नेत नाही. हा हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा, त्यातलं गाणं शेजारच्यालाही ऐकू जातं आणि इंजिनाची घरघर आत येते. बल्कांवात पावसाचा आवाज येतो, पण तो मला हवासा वाटतो.

हेडफोन आता सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवतो, नाहीतर या हवेत पॅडना बुरशी धरते. एक अडचण अजून आहे. हेडफोनसोबत आलेली वायर 3 मीटरची, ती खुर्चीच्या पायात अडकते. पुढच्या महिन्यात दीड मीटरची घेणार आहे.