वटपौर्णिमेनंतरचा खड्डा

कोपरखैरणेत माथाडी कामगारांच्या वस्तीला लागून असलेल्या एका विठ्ठल मंदिराची परसबाग मी सांभाळते. तीच माझी नोकरी. भजनी मंडळाने ही बाग सावता महाराजांच्या नावाने सुरू केली. अरणच्या मळ्यात खुरपं चालवताना ज्यांना पांडुरंग भेटला, त्यांचे अभंग गायचे आणि देवळाच्या मागे डेब्रिज साठू द्यायचं, हे मंडळींना पटेना. आता तिथे अळू, माठ, मेथी, भेंडी निघते. ज्या घरात कुणी आजारी आहे किंवा म्हातारं माणूस एकटं आहे, तिथे जुडी पोचवायची. हे पोचवणं मला बागेइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्या निमित्ताने दार उघडतं.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमच्याच दारात भांडण उभं होतं.

रात्री पाऊस झाला होता आणि खताच्या खड्ड्यावरची ताडपत्री उडाली होती. आदल्या दिवशी वडाखालचं सगळं निर्माल्य त्यात गेलेलं: हार, आंबे, केळी, फणसाचे गरे. वास असा सुटला होता की काकड्याला आलेली माणसं नाकाला पदर लावून परतली. शेजारच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या मावशी तरातरा आल्या. "देवाच्या नावावर घान करताय व्हय? नातवाला उलट्या झाल्या माझ्या!"

मी माफी मागितली. त्यांचं खरंच होतं. त्यांची खिडकी खड्ड्यापासून दहा पावलांवर. दोन वर्षांत मी दूरदूरच्या इमारतींत भाजी पोचवली, पण या खिडकीत एकदाही डोकावले नव्हते. ते मला आजही सलतं.

मी फावडं घेऊन उपसायला लागले. वडाला गुंडाळलेला दोरा आधी हाताला लागला. सुताचा असता तर मातीत विरून गेला असता, पण यातला निम्माअधिक नायलॉनचा, फणसाच्या चिकात गुरफटलेला. तो ओढून काढताना बोटं कापली. मावशी बघत होत्या. मग काही न बोलता खाली बसल्या, मूठभर लगदा उचलून पिळला. मनगटावरून काळं पाणी ओघळलं.

"ह्यात पानी लई झालंय, ताई. वारं न्हाई घावत त्याला. कुजाय पायजे, ते सडाय लागलंय."

खताच्या प्रशिक्षणात मी हेच शिकले होते, एका टोपली ओल्याला दोन टोपल्या सुकं. पण कुजणं आणि सडणं यातला फरक इतका नेमका मला कुणी सांगितला नव्हता. मावशी सातारकडच्या, लग्नाआधी वडिलांच्या मळ्यात राबलेल्या.

सुकं आणायचं कुठून? पावसाने पाला भिजलेला. मावशींनी मुलाला फोन लावला. तो एपीएमसीच्या फळबाजारात हमाली करतो. आंब्याच्या पेट्यांतला पेंढा तिथे ढिगाने पडलेला असतो. दुपारी टेम्पोतून सहा गोण्या आल्या. कोरडा, पिवळा, हापूसचा वास अजून धरून ठेवलेला. आम्ही दोघी आणि मृदंग वाजवणारे काका, तिघांनी मिळून एक थर ओला, दोन थर पेंढा, मध्ये जुनं खत विरजणासारखं, असा खड्डा पुन्हा भरला. संध्याकाळी हरिपाठाला बसलेल्यांपैकी कुणी नाक मुरडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच मावशी खड्ड्याशी उभ्या होत्या. आत खोचलेली लोखंडी सळई त्यांनी उपसली आणि माझ्या तळहातावर टेकवली. हात झटकन मागे आला, इतकी तापली होती. वर पहाटेच्या गारव्यात वाफ दिसत होती.

"आता पेटलंय," त्या म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची रिकामी बाटली काढली. आत राखेत घोळवलेलं घेवड्याचं बी होतं, माहेरचं, दरवर्षी खिडकीतल्या डब्यात लावून राखलेलं.

"ह्याला मांडव लागंल. कुठल्या बाजूला घालताय?"

मी त्यांच्या खिडकीसमोरची जागा दाखवली.