सशाची आई पिल्लांना दूध पाजत नाही असं वाटलं, तर

मुंबईत बरीच पिल्लं घरात अनपेक्षितपणे जन्मतात. बाजारातून 'दोन्ही माद्या' म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघतो आणि साधारण ३१ दिवसांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केस नसलेली, डोळे मिटलेली पिल्लं वळवळताना दिसतात. आई मात्र लांब, दुसऱ्या कोपऱ्यात बसलेली असते. घरातले घाबरतात, 'आईने टाकलं' असं ठरवतात आणि वाटीत दूध घेऊन बसतात. तिथेच पहिली चूक होते.

सशीण मांजरीसारखी पिल्लांना कुशीत घेऊन बसत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेकदा रात्री उशिरा किंवा पहाटे ती घरट्यात जाते, तीन ते पाच मिनिटांत दूध पाजते आणि निघून येते. बाकीचा वेळ लांब राहणं हाच तिचा पिल्लं राखायचा मार्ग, कारण तिच्या वासाने शिकारी जनावर घरट्यापर्यंत पोचू शकतं. त्यामुळे ती पाजताना तुम्हाला दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सकाळी लवकर पिल्लाचं पोट पाहा. प्यायलेल्या पिल्लाचं पोट गोल, ताणलेलं असतं आणि पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. उपाशी पिल्लाचं पोट आत गेलेलं, कातडी सुरकुतलेली, आणि हात लागताच ते वर उसळून तोंड मारत राहतं. शंका असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणा आणि रोज ठरावीक वेळी वजन लिहा. वजन वाढतंय तोवर मध्ये पडू नका. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज पाळीव सशांच्या बाबतीत खोटा आहे. स्वच्छ हाताने पिल्लू खुशाल उचला.

खरंच पाजत नसेल, तरी बाटलीकडे वळण्याआधी आईलाच पुन्हा कामाला लावा. सगळ्यात आधी नराला वेगळं करा. व्यायल्यानंतर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि नराच्या पाठलागाने ती घरट्याकडे फिरकत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुकं गवत आणि तिनेच उपटलेले केस घाला. केस कमी पडले तर साधा टिश्यू पेपर चालतो. कापूस नको, त्याचे धागे पिल्लाच्या पायाला आवळतात. पिल्लू घरट्याबाहेर पडलं तर सशीण त्याला उचलून आत आणत नाही. ते बाहेरच गार पडतं, म्हणून खोक्याची कड थोडी उंच हवी. घरट्यावर अंधार आणि शांतता हवी. बाल्कनीत कावळे आणि मांजरी घिरट्या घालत असतील तर खोका आत घ्या. एवढ्यानेही जमलं नाही, तर दिवसातून दोनदा मादीला मांडीवर अलगद धरून पिल्लं तिच्या पोटाशी लावा. हे कंटाळवाणं आहे, तिला आवडतही नाही, पण कुठल्याही पावडरपेक्षा हे दूध लाखमोलाचं. सशिणीच्या दुधात मेद आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असतात, लॅक्टोज मात्र अगदी थोडं. शिवाय ते पोटात गेल्यावर त्यातून जंतू रोखणारी मेदाम्लं तयार होतात. ती कुठल्याच डब्यात मिळत नाहीत, म्हणून हाताने वाढवलेली पिल्लं दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता पिल्लू हातावरच वाढवायचं ठरलं असेल, तर आधी ऊब आणि मगच दूध. गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, तिथेच आंबतं. मुंबईची हवा आपल्याला उकडणारी वाटली तरी केस नसलेल्या एकट्या पिल्लाला ती पुरत नाही, आणि पंखा किंवा एसी चालू असेल तर मुळीच नाही. मोज्यात कच्चे तांदूळ भरून गरम करा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. ऊबदार बाजूला ३० ते ३२ अंश पुरे. आठवड्याने केस आले की ही गरज झपाट्याने कमी होते. मे महिन्यात उलटा धोका असतो: पिल्लं लाल होऊन हातपाय पसरून पडली तर ऊब लगेच काढा.

दुधासाठी मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर सगळ्यात बरी. ती मिळेपर्यंत बकरीचं दूध चालेल. पावडर डब्यावरच्या प्रमाणात, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा आणि २० मिली दुधाला १ मिली बिनसाखरेची फ्रेश क्रीम सिरिंजनेच मोजून घाला. म्हशीचं दूध, बाळाची दूध पावडर, साखर, मध यांतलं काहीही नको. उरलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांनी फेकून द्या.

मध्यम आकाराच्या जातीसाठी मात्रा अशी: पहिल्या आठवड्यात एका वेळी २ ते २.५ मिली, दुसऱ्या आठवड्यात ५ ते ७, तिसऱ्यात ७ ते १३, पुढे १३ ते १५ मिली. दिवसातून दोन वेळा. बुटक्या जातीच्या पिल्लांना याहून कमी. आई एकदाच पाजते म्हणून आपणही एकदाच भरपूर पाजावं, असं करू नका. आपलं दूध तितकं कसदार नसतं आणि एकदम जास्त गेलं की पोट फुगतं.

पाजण्यासाठी केमिस्टकडून सुई निघणारी १ मिलीची सिरिंज आणा. टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा लावायची पद्धत आहे, पण तो निसटून गिळला जाऊ शकतो. नुसतं टोक जास्त सुरक्षित. पिल्लू कधीही उताणं धरू नका. पोट खाली आणि डोकं किंचित वर, आईखाली असतं तसं नव्हे. सिरिंजमधून दूध आपल्या गतीने येतं, चोखण्याच्या गतीने नाही, आणि उताण्या पिल्लाच्या ते सरळ फुप्फुसात जातं. ओठाच्या कडेला एक थेंब ठेवा, चाटू द्या, मग दुसरा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक टिपा. त्यानंतर श्वासाला टकटक आवाज येऊ लागला तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पोटाखालचा भाग आणि शेपटीखालची जागा हलकेच पुसत राहा. लघवी झाल्याशिवाय थांबू नका. असं पुसल्याशिवाय या वयात पिल्लाला ती करताच येत नाही. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात आणि नंतर हे काम सुटतं.

डोळे उघडल्यावर निरोगी मोठ्या सशाच्या मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या मिळवा आणि त्यातली एखादी दुधात कालवून काही दिवस द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण पचनाला लागणारे जंतू त्यातूनच येतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुकं गवत, लसूणघास आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा. पावसाळ्यात गवताला चटकन बुरशी धरते. कुबट वास आला की ती जुडी टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. कोबी आणि गाजराची घाई नको. दूध सहाव्या आठवड्यापासून हळूहळू कमी करा.

पातळ जुलाब लागले तर पिल्लू काही तासांतच जाऊ शकतं, म्हणून सशांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे; घराजवळ सशांचा अनुभव असलेलं कोणी आहे का, हेही विचारून ठेवा. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप तोंडावाटे देऊ नका. त्याने आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही.

एक वेगळी गोष्ट आरे किंवा येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी. गवतात सापडलेलं, अंगावर केस आणि डोळे उघडे असलेलं पिल्लू रानसशाचं असतं. ते जन्मतःच तसं असतं, आणि आई अंधार पडल्यावर त्याला पाजायला येते. त्याला घरी आणू नका. रानससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. जखमी दिसलं तरच वनविभागाला कळवा.