ई-जर्नलच्या लायसन्ससाठी एजंट नेमला तेव्हा

आमच्या ग्रंथालयात ई-जर्नलचे (इंटरनेटवरून वाचायच्या संशोधन-नियतकालिकांचे) करार वाढत गेले तसं प्रत्येक प्रकाशकाशी स्वतंत्र बोलणी करणं आम्हाला झेपेनासं झालं. तिकडे विक्री आणि कायदा विभागाची माणसं वर्षभर हेच करतात. इकडे आम्ही देवघेव, तालिकीकरण, संदर्भसेवा सांभाळून उरलेल्या वेळात मसुदे वाचणार. म्हणून बोलणी करायला एजंट नेमायचं ठरलं.

वर्गणी भरणारा, न आलेल्या अंकाचा पाठपुरावा करणारा एजंट सगळ्यांच्या ओळखीचा असतो. लायसन्सची, म्हणजे वापराच्या किमतीची आणि अटींची, बोलणी हे त्याहून वेगळं काम, आणि त्यात पैसा कुठून येतो हे आधी पाहावं लागतं. मी पहिला प्रश्न तोच विचारला: तुमचं मानधन कोण देणार? किमतीवर टक्केवारी मिळणार असेल तर किंमत उतरवण्यात एजंटाचंच नुकसान. आम्ही ठरावीक शुल्क ठेवलं आणि प्रकाशकाकडून काही मिळत असेल तर ते लेखी कळवायची अट घातली. ब्रिटनमधल्या विद्यापीठ ग्रंथालयांसाठी १९९८मध्ये नेस्ली ही ई-जर्नलच्या लायसन्सची राष्ट्रीय योजना सुरू झाली तेव्हा व्यवस्थापनासाठी एजंट होता. पुढे नेस्ली-२मध्ये बोलणी करायला कंटेंट कम्प्लीट ही कंपनी नेमली गेली. त्यामुळे आमची कल्पना जगावेगळी नव्हती.

एजंटाला अधिकारपत्र देण्याआधी आम्ही दोन याद्या केल्या. एकीत ज्यावर तडजोड नाही त्या अटी, दुसरीत सोडता येतील त्या. हे काम एजंटावर टाकता येत नाही असं माझं ठाम मत आहे. आमच्या संशोधकांना कोणतं जर्नल नसलं तर काम थांबतं, हे बाहेरच्याला कसं कळणार?

मग आकडे. काउंटर हे ई-जर्नलचा वापर मोजायचं मानक. त्याच्या पाचव्या आवृत्तीतला टीआर-जे१ अहवाल गोल्ड ओपन ॲक्सेसचे (प्रकाशकानेच सगळ्यांना फुकट खुले केलेले) लेख वगळून जर्नलचा वापर दाखवतो आणि टीआर-जे२मध्ये प्रवेश नाकारल्याच्या नोंदी असतात. एका प्रकाशकाच्या प्रस्तावात वापराचा एकूण आकडा ठळक छापला होता, पण त्यात सगळ्यांना फुकट खुले असलेले लेखही धरलेले. एजंटाने ते वेगळे काढून दर लेखामागचा खर्च पुन्हा मांडला आणि किमतीची चर्चा तिथून सुरू केली. अशा ठिकाणी अनुभवी माणसाची खरी मदत होते.

कलमांवर मात्र मी प्रत्येक फेरीत स्वतः बसले. एका मसुद्यात लिहिलं होतं की वापरकर्त्यांनी केलेल्या कोणत्याही गैरवापराला ग्रंथालय जबाबदार राहील. हजारो विद्यार्थ्यांच्या पासवर्डची हमी कोण देणार? आम्ही बदल सुचवला: ग्रंथालयाने जाणूनबुजून मदत केली, किंवा कळूनही योग्य पावलं उचलली नाहीत, तरच जबाबदारी. एजंटाने आदर्श लायसन्सचे नमुने पुढे ठेवले (येल विद्यापीठात सुरू झालेल्या लिबलायसन्स या ग्रंथालयांसाठीच्या लायसन्स-प्रकल्पाचा नमुना मलाही बराच उपयोगी पडला) आणि बदल मान्य झाला.

सर्वांत जास्त ताणलं गेलं ते कायमस्वरूपी प्रवेशाचं कलम. मसुद्यानुसार प्रवेश वर्गणी चालू असेपर्यंतच होता. म्हणजे वर्गणी थांबली की पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही गेले. छापील अंक निदान कपाटात राहायचे. शेवटी वर्गणी भरलेल्या वर्षांचा मजकूर पुढेही मिळेल असं लिहून घेतलं, आणि प्रकाशकाचा सर्व्हर बंद पडला तर पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या जतनव्यवस्थेतून तो मिळावा हेही जोडलं. त्याबदल्यात मुदत एका वर्षाऐवजी तीन वर्षांची केली. दरवाढीला कमाल मर्यादा घालून हा सौदा मला पटला.

किंमत गुप्त ठेवायची अट मात्र आम्ही काढून टाकायला लावली. ग्रंथालयांनी एकमेकांना दर सांगितलेच नाहीत तर पुढच्या बोलणीत तुलना कशाशी करायची? या मुद्द्यावर एजंट थोडा नरमला होता, आम्ही नाही.

पैसे एजंटामार्फत आगाऊ भरायचे नाहीत हेही आधीच ठरलं होतं. २०१४मध्ये स्वेट्स ही मोठी वर्गणी एजन्सी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्याकडे पैसे भरून बसलेली अनेक ग्रंथालयं अडकली. म्हणून बोलणी एजंटाची आणि बिल थेट प्रकाशकाचं.

सही झाल्यावर करारातली शीर्षकांची यादी आणि प्रत्यक्ष उघडणारी जर्नलं एकेक करून ताडून पाहिली, कॅम्पसमधून आणि घरून लॉगिन करूनही. काही जर्नलांचे जुने खंड उघडत नव्हते. ते एजंटाकडून दुरुस्त करून घेतले. नूतनीकरण नको असेल तर किती आधी कळवायचं ती तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर लावली आहे. पुढच्या करारात मजकूर आणि डेटा मायनिंगची, म्हणजे संगणकाकडून एकदम खूप लेख तपासून घेण्याची, परवानगी मागायची आहे. आमचे संशोधक आतापासूनच ती विचारत आहेत, आणि ते कलम पहिल्या यादीत गेलं आहे.